कणगीत राहिलेला नवसाचा कोंबडा

सन १९९७. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो आणि कोंबड्यांना कसं ठेवावं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शाळा तिसरीत सुटली, ते सोडा. कोंबड्या तरी कुठं शाळेत गेल्यात?

मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. पौषात डोंगरावरून असा वारा उतरतो की सकाळी हंड्यात हात घातला तर बाहेर काढल्यावर तो आपलाच आहे ना, हे एकदा बघून घ्यावं लागतं. त्या साली आमच्या मंडळींच्या अकरा कोंबड्यांतल्या दोन, लागोपाठच्या सकाळी, डालग्याखाली ताठ झालेल्या निघाल्या. (डालगं म्हणजे बांबूची मोठी पाटी. रात्री कोंबड्या तिच्याखाली झाकायच्या, वर दगड ठेवायचा.) उरल्या नऊ, आणि एक कोंबडा.

कोंबडा नवसाचा होता. आमच्या लेकीचं, सुनंदाचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा हिनं गावदेवीला बोलून ठेवलं होतं की मायलेकरं सुखरूप सुटू दे, घरच्या पैदाशीचा कोंबडा देईन. म्हणजे विकतचा चालणार नाही. नात झाली, सगळं नीट झालं, नवस फेडायचा मंगळवारही ठरला. जावयाकडची माणसं भोरवरून येणार होती. मंगळवारला बारा दिवस होते आणि कोंबडा आरवताना मधेच थांबून कापत होता.

"आवं, ह्यो बी गेला तर देवीला काय तोंड दावू?" ही म्हणाली. "काईतरी करा."

तेवढ्यात हिचा भाऊ नामा आला. नामाची नसरापूरला पोल्ट्री, त्यामुळं त्याला वाटतं अंडं त्यानंच शोधून काढलं. तो म्हणाला, "दाजी, तीन बाजूंनी बारदान लावा, पण वर हातभर फट ठिवा. कोंबडी गारठ्यानं मरत न्हाई, वलीनं मरती."

मी म्हटलं, "नामा, तुझ्या कोंबड्या चाळीस दिसांत मरायलाच जल्माला येत्यात. जगवायचं मला नको सांगू."

आणि बारदान तरी कशाला विकत आणायचं? पानशेतला पुण्याच्या एका साहेबानं कुत्र्यासाठी फरशीची खोली बांधली होती. कुत्रं रात्रभर त्या फरशीवर कुडकुडायचं आणि साहेब पुण्यात रजई घेऊन झोपायचा. खर्च केला की ऊब येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते कुत्रं बघून यावं.

माझ्याकडं जुनी कणगी होती. भात साठवायची, बांबूच्या विणीची, पुरुषभर उंच. ती मी गोठ्याच्या भिंतीला आडवी निजवली, तोंडाला फळी लावली आणि शेणानं लिंपायला बसलो. लिंपण हे बायकांचं काम. ही पुढं आली तर मी तिला बाजूला सारलं. विणीतलं एकेक भोक बोटानं बुजवलं. चार पाट्या शेण लागलं. वाडीतली माणसं बघायला जमली, तेव्हा मी सांगितलं की ह्या कणगीत मुंगीनं शिरून दाखवलं तर माझी मिशी काढीन. (मुंगी शिरली नाही. मिशी अजून आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी फळी काढली, तर भाताच्या तपेल्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ आली. मागोमाग एकेक कोंबडी बाहेर आली. सगळ्या ओल्याचिंब, पिसं अंगाला चिकटलेली, अर्ध्या झालेल्या.

"ह्यांना न्हाऊ कुणी घातलं?" ही म्हणाली.

मग तिनं वरच्या बाजूला एक भोक पाडू द्या म्हणून विनवलं. मी म्हटलं, भोकं पाडायची होती तर कणगी कशाला, चाळणीच निजवली असती. ओल शोषून घ्यायला मी खळ्यावरचा मळणीचा भुसा आणला आणि गुडघाभर आत ओतला. खर्च शून्य. आणि पुढच्या सकाळी काय? कोंबड्या कोरड्याठाक! कोंबडा तर असा आरवला की पलीकडच्या वाडीतला कोंबडा गप्प झाला.

मी नामाला निरोप धाडून बोलावून घेतलं. त्यानं कोंबडीच्या पंखाखाली हात घालून बघितलं, मग बहिणीकडं बघितलं, आणि काही बोलला नाही. मी म्हटलं, हरला गडी. त्यानंतर दहा दिवस चावडीवर माझ्या भुशाशिवाय दुसरा विषय नव्हता. निदान मी बसलेला असताना नव्हता.

सोमवारी हिनं मला बजावलं की आज सांजपासून कोंबड्याला दाणा घालायचा नाही. त्याला कारण आहे. आमच्याकडं नवसाच्या कोंबड्याला कुंकू लावून देवीपुढं धरतात आणि समोर तांदूळ टाकतात. त्यानं टिपले तर देवीनं पत्करला. नाही टिपले तर घरच्या कुणाच्या तरी पोटात काहीतरी राहिलंय, ते देवीला सलतंय. म्हणून शहाणी माणसं कोंबडा उपाशी नेतात. देवीवर विश्वास असतोच, पण भुकेवर जरा जास्त.

मी एक दाणा टाकला नाही. उलट देवीचा कोंबडा म्हणून त्याच्यासाठी मळणीचा ताजा भुसा आत पसरला. मंगळवारी गारठा फार, म्हणून दुपारपर्यंत फळीही उघडली नाही.

दुपारी सगळे देवळात. जावईबापू, त्यांची आई म्हणजे आमच्या इनबाई, सुनंदा नातीला घेऊन, नामा, आणि मानकऱ्यासारखा कोंबडा धरून मी. गुरवानं तांदूळ टाकले. कोंबड्यानं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं पंगतीत पोट भरलेला माणूस चौथ्यांदा आलेल्या वाढप्याकडं बघतो. मग त्यानं मान फिरवली.

गुरवानं परत टाकले. परत मान फिरली.

हिच्या डोळ्यांत पाणी. आणि तेवढ्यात माझ्या बोटांना कोंबड्याच्या गळ्याखालची पिशवी लागली. टच्च. दगडासारखी. मळणीच्या भुशात अर्धेमुर्धे दाणे राहतात, हे मला पन्नास वर्षं माहीत होतं. फक्त काल सांजच्याला माहीत नव्हतं.

"कुणाच्या मनात काय असंल तर बोलून टाका," गुरव म्हणाला. "देवी वाट बघती."

मी तोंड उघडणार होतो, पण इनबाईंनी घाई केली. पदर डोळ्याला लावून म्हणाल्या की लग्नात तुम्ही दिलेलं लुगडं मी हलकं म्हणून मोलकरणीला देऊन टाकलं. मग जावईबापूंनी खाली बघत कबूल केलं की मुलगी झाली म्हणून मी पंधरा दिवस बघायला आलो नाही, टेम्पो बिघडला नव्हता. सुनंदानं हे ऐकलं आणि पोरीला घट्ट धरलं. माझा भुसा कुणाकुणाच्या पोटातून काय काय बाहेर काढत होता, आणि कोंबडा शांतपणे ढेकर द्यायच्या बेतात होता. मी गप्प राहिलो. आता बोललो असतो तर इनबाईंचं रडणं फुकट गेलं असतं.

शेवटी ही पुढं आली. देवीकडं तोंड करून म्हणाली, "आये, म्या धन्याशी खोटं वागले. कणगीला मागल्या अंगानं भोक पाडलं. रोज सांजच्याला चिंधी काढायची, पहाटं घालायची. म्हून कोंबड्या कोरड्या निघायच्या. ह्ये दहा दिस समद्या गावाला भुशाचं सांगत फिरत व्हते, म्या बोलले न्हाई."

देवळात कुणी हसलं नाही. नामा तर खांबामागं जाऊन हसला नाही. (तसं पाहिलं तर निम्मा दोष त्या भोकाचाच. पाहुण्यांच्या गडबडीत ही पहाटे चिंधी घालायला विसरली होती. आत उजेड नसता तर कोंबड्याला दाणे दिसले कसे असते?)

एवढं होऊनही कोंबडा टिपेना. आता राहिलो मी. गुरवानं माझ्याकडं बघितलं. "आबा, तुमचं काय?"

"माझं काय न्हाई," मी म्हणालो.

गुरव म्हणाला, आज देवीचं मन नाही, उद्या सकाळी या. पाहुणे राहिले. कोंबडा मी स्वतः मागून घेतला आणि चुलीपाशी, झाडून लख्ख केलेल्या जमिनीवर, डालग्याखाली झाकला. ही म्हणाली, नवसाची काळजी आहे हो माझ्या धन्याला. हातात कंदील घेऊन मी जमिनीवर एकेक दाणा शोधत होतो, हे तिला दिसलं नाही.

सकाळी गुरवानं तांदळाची मूठ उघडायच्या आतच कोंबड्यानं त्याच्या बोटांवर झडप घातली. सगळ्यांनी हात जोडले. इनबाई आणि ही गळ्यात गळा घालून रडल्या, जावयानं पोरीला पहिल्यांदा आपण होऊन घेतलं, आणि गुरव मोठ्यानं म्हणाला, "आबांनी राती देवीपाशी काईतरी कबूल केलं बगा." सगळी माझ्याकडं वळली. मी देवीपुढं साष्टांग दंडवत घातला आणि बराच वेळ उठलो नाही. माझी भक्ती बघून माणसं गहिवरली. माझं म्हणाल, तर माणसाचं तोंड कुणाला दिसत नाही अशी देवळात तेवढी एकच जागा होती.