बिनमाळेचा पखवाजी

मला काय आवडतं असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचं तोंड बघतो. आमच्या गावात या प्रश्नाला एकच उत्तर चालतं. एकतर माळकरी म्हणा, नाहीतर तमासगीर म्हणा. दोन्ही म्हटलं की लोकांच्या पोटात दुखायला लागतं.

तर ऐका. मला भजन आवडतं. मला तमाशा आवडतो, आणि तो मी मागं अंधारात तोंड लपवून बघत नाही, पटका बांधून पुढं बसतो. उरुसातली कव्वाली आवडते. उर्दू निम्मी डोक्यावरनं जाते, पण टाळी कुठं पडणार ते कळतं. रेडिओवर धारवाड लागलं तर कानडी गाणं ऐकतो, एक शब्द येत नाही तरी. धनगरी ओवी तर आमच्या घरातलीच. आणि बारामतीच्या टॉकीजला सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लागला आणि त्यात घोडी असली, की मी सायकल काढायचो. चहाच्या हॉटेलात पोरं टिंगल करायची, "आबा, इंग्रजी कळतं व्हय तुमाला?"

"घोडं कळतं," मी म्हणायचो.

कळतंच. आमच्या वडिलांचा संसार मेंढरांमागं घोड्यावर लादून फिरलेला. शाळा मी तिसरीत सोडली. ह्यातलं काहीच मला मास्तरानं शिकवलं नाही.

हे सगळं असलं तरी सगळ्यात वरचा नंबर पखवाजाचा. लासुर्ण्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या देवळात मिसरूड फुटल्यापासून पखवाजावर मीच. पखवाजाच्या एका तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो घुमतो. ती कणीक आमच्या घरची. एकादशीला घरात सगळ्यांना उपास, तरी बायको गोळाभर कणीक मळायची आणि म्हणायची, "देवाला उपास, आन् तुमच्या पखवाजाला जेवान."

नव्वदच्या पुढची ती वर्षं. नोकरीतनं रिटायर होऊन गावात आलेले एक गृहस्थ भजनी मंडळाचे प्रमुख झाले. मंडळाला त्यांनी सतरंज्या आणल्या, लाउडस्पीकर आणला. तिथपर्यंत ठीक. मग एका एकादशीला मी कणकेचा गोळा घेऊन देवळात गेलो, तर पखवाज त्यांच्या पुतण्याच्या मांडीवर.

"आबा, बसा जरा," प्रमुख म्हणाले. "तुमाला इंदापुरात तमाशाला बघितलं लोकांनी."

"लोक तितं काय करत हुते?"

दोघंतिघं हसले. प्रमुख हसले नाहीत. "मंडळानं ठरवलंय, पखवाजावर बसणाऱ्याच्या गळ्यात माळ पायजे. तुमी माळ घाला. मटण सोडा, तमाशा सोडा, उरुसाला जाणं बंद करा."

"पिक्चर?"

"तो बी."

"रेडिओ ऐकू का रेडिओ? का त्याला बी इचारायचं?"

मी कणकेचा गोळा तसाच मुठीत धरून घरी आलो. अंगाची आग झाली होती. माळेला मी नावं ठेवत नाही. माझ्या आईच्या गळ्यात माळ होती आणि ती मरेपर्यंत तिनं पाळली. माळ घालायची म्हणजे देवाला शब्द द्यायचा. जो शब्द मला पाळता येणार नाही तो मी देऊ कसा? मंडळातलेच दोन माळकरी मला ठाऊक होते, जे इंदापूरच्या रस्त्याला धाब्यावर माळ खिशात घालून रस्सा ओरपायचे. त्यांची नावं मी तेव्हा घेतली नाहीत, आजही घेणार नाही. पण ते त्या दिवशी माना डोलवत बसले होते, हे विसरणार नाही.

बायको म्हणाली, "घाला की माळ. वय झालं आता. किती दिस तमाशात बसायचं?"

"घालतो. आन् मग तमाशाला चोरून जाऊ?"

"जायचंच न्हाय."

"ते जमायचं न्हाय."

"मग बसा घरात!"

बसलो. पुढच्या एकादशीला तिनं सवयीनं कणीक मळली आणि मग तिच्या ध्यानात आलं. गोळा तिनं वासरापुढं टाकला. तिकडं देवळाच्या स्पीकरवर पुतण्याचा पखवाज लागला होता. मी रेडिओ मोठा केला.

मग बारामतीत भजनाची स्पर्धा निघाली. पुतण्याचा ठेका भरभर पुढं पळायचा आणि टाळकऱ्यांची दमछाक व्हायची. प्रमुख स्वतः माझ्या दारात आले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातनं कागदाची पुडी काढली. आत माळ होती.

"आबा, स्पर्धेच्या दिवसापुरती घाला. सांजच्याला काढून द्या."

"आन् तमाशा?"

"ते कोण बघतंय? तिथं सगळे माळकरी दिसले पायजेत, एवढंच."

पखवाजासाठी माझे हात शिवशिवत होते. खोटं कशाला बोलू? हात पुढं केला असता तर माझी जागा मला मिळत होती. पण 'दिसले पायजेत' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"दिसायलाच पायजे तर तमाशातला नाच्या न्या," मी ओरडलो. "त्यो लई झ्याक दिसतो. ही उचला आदी! माझ्या आईनं जन्मभर पाळली ती माळ, आन् तुमी मला भाड्यानं देताय?"

आत बायको तोंडाला पदर लावून हसत होती. पुडी उचलून प्रमुख गेले. स्पर्धेत त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

पुढच्या एकादशीला मात्र मी देवळात गेलो. सदऱ्याची वरची गुंडी उघडी ठेवून, मोकळा गळा सगळ्यांना दिसेल असा, खांबापाशी ऐकणाऱ्यांत बसलो. आणि अभंग सुरू झाला तसा गायला लागलो, आहे त्या आवाजात. माझा आवाज मंडळाच्या वर जायला लागला.

"आबा, हळू," प्रमुख म्हणाले.

"गायला माळ लागती असं अजून तुमी ठरवलं न्हाय. ठरवा, मग बगू."

ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मी दर एकादशीला जातो, तिथंच बसतो, मांडीवर ठेका धरतो आणि घसा फुटेस्तोवर गातो. पखवाज त्यांनी परत दिला नाही. मी मागितला नाही, आणि मागणारही नाही.