कलमातलं पागोटं

माझे बाबा अकोल्याचे ठेकेदार. माणूस तिरसट, पण कामाला चोख. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या काळची ही गोष्ट.

घर बांधून झालं की वास्तुशांतीला मालकानं ठेकेदाराला शेला-पागोटं द्यायचं आणि पंगतीला बसवायचं, अशी आमच्याकडची रीत. पण गरज सरो नि वैद्य मरो! दोन घरमालकांनी बाबांना बोलावलंच नव्हतं. ते त्यांना फार लागलं होतं. म्हणून अमरावतीच्या एका वकिलांचं घर बांधायला घेतलं तेव्हा करारनाम्यात त्यांनी एक कलम मुद्दाम घालायला लावलं : वास्तुशांतीस ठेकेदारास शेला-पागोटे द्यावे.

वकील हसले. "हेही लिहून पाहिजे तुम्हाला?"

"लिवलेलं बरं असते, सायेब."

वकिलांचंही एक कलम होतं. तुळया मेळघाटच्या, चांगल्या मुरलेल्या सागाच्याच हव्यात. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना नव्या घरात डोळे मिटायचे होते. ते अंथरुणाला खिळलेले. बाबा भेटायला गेले की एकच विचारत, "छप्पर चढलं काय हो?"

पावसानं मेळघाटातल्या वाटा बंद झाल्या आणि लाकूड तिकडेच अडकलं. वकिलांनी निरोप धाडला, बाजारात मिळेल तो साग घाला, वडिलांचा भरवसा नाही. बाबा ऐकतील तर ना! "लिवलं ते लिवलं. उद्या तुळई वाकली तं नाव माहंच खराब होईन," असं म्हणून ते मेळघाटच्या गाड्यांची वाट पाहत बसले. गाड्या येण्याआधीच म्हाताऱ्यांनी भाड्याच्या घरातच डोळे मिटले.

दिवाळीनंतर घर पुरं झालं. वकिलांनी हिशेब वेळेवर चुकता केला. बाबा आता बोलावण्याची वाट पाहू लागले. आईनं त्यांचा कोट धुऊन, घडी घालून ठेवला होता. टपालवाला गल्लीत शिरला की ते दारात जाऊन उभे राहत.

मग एका सकाळी वकिलांचा कारकून अमरावतीहून आला. त्याच्या हातात शेला, जरीचं पागोटं आणि पावतीचा कागद होता.

"वास्तुशांती कवा हाय?" आईनं विचारलं.

"काल झाली, बाई," तो खाली मान घालून म्हणाला.

बाबांनी पावतीवर सही केली. कोट पुन्हा खुंटीवर गेला. मला त्या वकिलांचा असा संताप आला की अमरावतीचं नाव काढलं तरी मी चिडायची. कलम पाळलं आणि माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवलं!

माझ्या लग्नाच्या दिवशी मीच ट्रंकेतून ते पागोटं काढलं. एकदाही न बांधलेलं, जर तशीच चकचकीत. "बाबा, आज तरी बांधा न. तुमच्या हक्काचं हाय."

त्यांनी ते हातात घेतलं, पुन्हा नीट गुंडाळलं आणि ट्रंकेत ठेवलं.

"त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर छप्पर नाही घालू शकलो मी," ते म्हणाले. "त्याच्या लेकाचं पागोटं कोन्या तोंडानं बांधू?"

मांडवाच्या दारात ते जुन्या काळ्या टोपीतच उभे राहिले.