एका बोटीची दोन नावे

एका चित्राला दोन नावे दिली, म्हणजे चित्रे दोन होतात का? उत्तराची घाई करू नका. आमच्या कार्यालयात एकाने केली होती.

खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, तसे किस्से साचतात. कोणी आणून टाकत नाही. एके दिवशी पाहावे तर पाय रुततो! बोईसरला दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली आहे. तेथे आम्ही तिघे दुकानदारांच्या वेबसाइट बनवतो: मी, सफाळ्याची हर्षदा आणि पाम गावचा नीलेश. सकाळी देवापुढे दिवा लागतो, मगच संगणक.

*

हर्षदा नवीन होती. पीएचपी या संगणकभाषेत चित्र कसे घडते, ते मी तिला सांगितले. चित्र मेमरीत राहते; आपल्या हाती येते ते त्याचे हँडल, छत्रीच्या मुठीसारखे. तिने एक कोरे चित्र घेतले, ते निळ्या रंगाने भरले आणि पडद्याकडे पाहत बसली. दुपार सरत आली. पडदा कोराच.

"सर, माझं आकाश कुठं गेलं?"

आकाश तयार झाले होते. ते बाहेर पाठवण्याची ओळ तिने लिहिलीच नव्हती. कोणीही न पाहिलेले ते आकाश प्रोग्राम संपताच विरले. मला अजूनही ते कधीकधी आठवते.

*

नीलेशचा दोष उलटा. एका जत्रेचे तीनशे फोटो लहान करायचे होते. त्याने प्रत्येक फोटो उघडला, काम झाले तरी प्रत्येकाचे हँडल यादीत जपून ठेवले. मेमरी भरली, सर्व्हर बसला!

"सोडून द्यायला जिवावर येतं, सर."

हर्षदा भातशेतीच्या घरातली. ती म्हणाली, "भात झोडून झालं की पेंढा कोणी उशाला घेतं का रे?"

*

मंजुळामावशी किनाऱ्यावरच्या. सुकी मासळी विकतात. त्यांच्या बोंबलांचे पार्श्वभूमी काढलेले फोटो नीलेशने एका नव्या चित्रावर चिकटवले. नव्या चित्राची जमीन जन्मतः काळी असते. आधी पांढरी करून घ्यावी लागते. त्याने केली नाही.

मावशींनी फोनवर पाहिले आणि जिना चढून वर आल्या. "उन्हात वाळवलेलं बोंबील हाय ते! काळोखात का टांगलंस रं?"

मी मात्र क्षणभर त्या काळ्या पाण्यात तरंगणाऱ्या रुपेरी माशांकडे पाहत राहिलो. मग काम पुन्हा करवून घेतले.

*

पुढे पीएचपीची नवी आवृत्ती आली. पूर्वी हँडल 'रिसोर्स' म्हणून ओळखले जाई. आता ते ऑब्जेक्ट झाले. नीलेशच्या जुन्या कोडने प्रत्येक चित्राला दारातच विचारले, "तू रिसोर्स आहेस का?" चित्र खरे बोलले: नाही. सगळ्या साइटवर एकच संदेश झळकला, 'चित्र उघडले नाही.' चित्रे तर उघडून उभी होती!

मी नीलेशला एवढेच म्हणालो, "खरे बोलणाऱ्याला परत पाठवू नये."

*

आता बोटीचे.

मावशींचे यजमान तांडेल, बोट चालवणारे. त्यांची बोट जुनी होऊन मोडीत निघाली. उरला एक कागदी फोटो, खाऱ्या हवेने झिजलेला. तो आम्ही स्कॅन केला. नंतर त्यांच्या घरातल्या गळतीत मूळ कागद विरघळला. बोट आता फक्त आमच्या सर्व्हरवर होती.

फोटोवर दुकानाचे नाव घालायचे होते. मी नीलेशला विचारले, "प्रत काढलीस?"

"हो सर, दोन आहेत!"

त्याने फाइलची प्रत काढली नव्हती. कोडमध्ये त्याच हँडलला दुसरे नाव दिले होते. मूठ एकच, छत्री एकच. चाचणीसाठी 'दुसऱ्या' चित्रावर त्याने स्वतःचे नाव ठळक अक्षरांत लिहिले आणि ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. मग खात्रीसाठी 'पहिले' चित्र मूळ फाइलवर पुन्हा सेव्ह केले.

दोन्ही उघडली. दोन्हींवर, बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, जिथे बोटीचे नाव होते तिथे: नीलेश.

"आता दोन्हीकडं तूच!" हर्षदा म्हणाली. कोणी हसले नाही.

मी त्याला घेऊन किनाऱ्यावर गेलो. चूक त्यानेच सांगावी, हा माझा आग्रह. मावशींचा आवाज चढला, "आमच्या बोटीवर तुझं नाव?"

तांडेलांनी माझ्या फोनवर फोटोतले नाव वाचले. मग शांतपणे म्हणाले, "ज्याचं नाव बोटीवर, त्यानं नारळी पुनवेला नारळ द्यायचा. आमी तेच करत आलों."

नीलेश म्हणाला, "पण काका, बोट तर नाहीच."

"नाव हाय ना?"

तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला, पाण्याला भिणारा नीलेश कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि नसलेल्या बोटीचा नारळ सागराला अर्पण करतो. तांडेल वाळूवर बसून दरवर्षी एकच विचारतात, "पोरा, बोटीला रंग कवा लावतोस?"

यंदा नीलेश नारळाबरोबर निळ्या रंगाचा डबा घेऊन निघाला.