कानसेनांचं निदान

कानसेनांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळीकडे ते कानसेनच, कारण बंद पडलेल्या गाडीचं दुखणं ते म्हणे नुसत्या कानाने ओळखत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि समाधी लागल्यासारखं अर्धा मिनिट उभं राहायचं. मग डोळे उघडून निकाल. एकेकाळी तो निकाल बरोबर यायचा, हेही कबूल केलं पाहिजे. तीस वर्षांत त्यांनी एवढं नाव कमावलं, की गॅरेजच्या भिंतीवर पाटीच लावून टाकली : 'गिऱ्हाइकाने रोग सांगू नये. गाडी लावावी व बाजूला उभे राहावे.'

भानगड एवढीच, की गेली तीन वर्षं त्यांना धड ऐकू येत नव्हतं. तीस वर्षं हातोडी आणि पत्रा, कान तरी किती सोसणार? त्यांच्या बायकोला हे पक्कं ठाऊक होतं. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत ते टीव्ही लावत आणि बातम्या चार घरं पलीकडच्यांना कळत. कान तपासून घ्या असं ती म्हणाली, की यांचं उत्तर ठरलेलं. "तू पुटपुटतेस." शेजारी पुटपुटत, जावई पुटपुटत, फोनवरची बाई तर नुसते ओठच हलवत असावी. सगळं जग तोंडातल्या तोंडात बोलायला लागलंय, अशी त्यांची अगदी प्रामाणिक तक्रार होती. कानात यंत्र घालून फिरणारा कानसेन? छे! त्यापेक्षा गॅरेजला टाळं लावलेलं परवडलं.

अशा या महापुरुषाच्या दारात एके दिवशी सिस्टरांची छोटी गाडी आली, तीही दोरीने ओढत. सिस्टर घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना इंजेक्शनं द्यायच्या, जखमा बांधायच्या. गाडी अडली की पलीकडे कुणीतरी माणूस ताटकळत पडलेला असायचा.

"काका, तासभर चालली की ही मधेच बंद पडते," सिस्टर म्हणाल्या. "स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. अर्ध्या तासाने आपली आपण सुरू होते. आणि बंद पडते ना, तेव्हा मागच्या सीटखालून तो..."

कानसेनांनी पाटीकडे बोट केलं. सिस्टर बाजूला उभ्या राहिल्या.

पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे ढकलणारा पंप या गाडीत मागच्या सीटखाली होता. किल्ली फिरवली की तो दोन सेकंद गुणगुणतो. गुणगुणला तर जिवंत, नाही तर मेला, हे कानसेनांना झोपेतही सांगता आलं असतं. म्हणून त्यांनी सिस्टरांना किल्ली फिरवायला सांगितली, स्वतः मागच्या सीटवर आडवे झाले, कान टेकवला आणि काहीएक न ऐकता जाहीर केलं, "पंप झकास!" मग प्लग बदलले. आता पंप झकास म्हटल्यावर दुसरं काहीतरी बदलायलाच हवं ना.

चार दिवसांनी गाडी पुन्हा दोरीवर. पुन्हा आडवे झाले, पुन्हा पंप झकास. या खेपेला प्लगला वीज पुरवणारी कॉइल बदलली. तिसऱ्यांदा गाडी भर चौकात बंद पडली, मागच्या बसचा ब्रेक किंचाळला, आणि एका आजोबांचं इंजेक्शन दोन तास लांबलं. सिस्टर आल्या त्या तणतणतच. पण बोलताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. तोंडासमोर उभं राहून विचारलं की काका उत्तर देत होते, आणि पाठ फिरवली की नुसतंच "हो, हो, बरोबर." असल्या माना डोलावणाऱ्या म्हाताऱ्यांत सिस्टरांची अर्धी नोकरी गेली होती.

"फिरवा किल्ली!" मागच्या सीटवर आडवे झालेले कानसेन ओरडले. क्षणभर थांबले. "हं, वाजला. एकदम झकास! पंपाचा प्रश्नच नाही."

ते उठून बसले, तर पुढची सीट रिकामी. सिस्टर दाराबाहेर उभ्या होत्या आणि किल्ली त्यांच्या बोटाला लटकत होती. मागच्या दारातून हे पाहणारी बायको तोंडावर हात ठेवून आत पळाली. हसू दाबायला की रडू, ते तिचं तिलाच माहीत.

कानसेनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी परीक्षा घेता? चला, मी बसतो तुमच्याबरोबर. पडू दे माझ्यासमोर बंद. दाखवतोच!"

तासभर सिस्टर गाडी चालवत होत्या आणि कानसेन शेजारी छाती काढून बसले होते. शेवटी मोठ्या रस्त्यावर एक आचका देऊन गाडी बंद पडली. सिस्टरांनी ती कशीबशी कडेला घेतली आणि खाली उतरल्या. कानसेनही तरातरा उतरले, मागून वळसा घालून रस्त्याच्या बाजूला आले, मागचं दार उघडलं आणि सीट उचकटायला आत वाकले. अर्धं अंग आत, अर्धं रस्त्यात.

कुणीतरी मानगूट धरून त्यांना मागे खेचलं आणि तसंच गाडीच्या मागून कडेला ओढलं. ते सिस्टरांसकट कडेच्या गवतात कोसळले. एक लांबलचक ट्रक उघड्या दाराला चाटून गेला, आणि त्याचा वारा त्यांच्या तोंडावर बसला.

"हॉर्न वाजवायला काय झालं होतं त्या गाढवाला?" कानसेन ओरडले.

सिस्टरांनी त्यांचा चेहरा हाताने आपल्याकडे वळवला. "वाजवला, काका," त्या सावकाश म्हणाल्या. "तीनदा."

कानसेन गवतातच बसून राहिले. त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. मग ते उठले, पुढच्या खिडकीशी येऊन उभे राहिले आणि तीस वर्षांत कुठल्याच गिऱ्हाइकाला न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"किल्ली फिरवा, ताई. मागून काही आवाज येतो का, ते मला सांगा."

सिस्टरांनी आत बसून किल्ली फिरवली. कानसेन त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

"नाही येत," सिस्टर म्हणाल्या.