बाळंतिणीला बाहेर काढत नाहीत

मागच्या मंगळवारी बदलापूरच्या पुढे एका गावात जाऊन आले. जिच्याकडे गेले तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मी उल्हासनगरला एका दवाखान्यात एचआयव्ही समुपदेशक आहे. नोकरीला अजून वर्षही झालं नाही. एक मुलगी आमच्याकडेच बाळंत होऊन माहेरी गेली आणि महिन्याच्या तपासणीला आलीच नाही... फोनही बंद. तिच्या गोळ्या दोन दिवसांत संपणार होत्या. त्या चुकल्या तर अंगावर पिणाऱ्या बाळाला धोका.

माहेरी कुणालाच काही माहीत नव्हतं. "गरज पडली तर घरी या ताई, पण तेवढं बोलू नका," असं तिनेच सांगून ठेवलेलं.

गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि गेले. तिच्या आईला म्हटलं, दवाखान्यातून आलेय, उद्या मुलीला तपासणीला पाठवा.

"सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीला बाहेर नाही काढत आम्ही, मॅडम."

"नाही, म्हणजे बाळाची लस..."

"ती दीड महिन्यानं. आणि इथं अंगणवाडीत देतात की! त्याला उल्हासनगर कशाला?"

एखादी थाप मारायला हवी होती. माझी पहिली शाळा म्हणजे आमचं स्वयंपाकघर. आईने अक्षरं तिथेच गिरवून घेतली, आणि खोटं बोललं की दिवसभर अबोला. त्यामुळे थापा मला जमतच नाहीत... आणि खरं सांगायचा मला हक्क नव्हता. मुलगी बाळाला घेऊन दारात येऊन उभी राहिली.

आई लेकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "टाके दुखतायत ना गं तुझे?"

आतून मुलीची वहिनी ओरडली, "अहो आई, परवाच म्हणालात ना, सुकले म्हणून!"

"तू आधी भात बघ, करपतोय." मग माझ्याकडे वळून, "टाके ज्यांनी घातले त्यांनाच दाखवावे लागतात. उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी दहालाच दोघी हजर. लेकीच्या कानाला घट्ट स्कार्फ, बाळ आजीच्या मांडीवर. आजी बाहेर बाकावरच बसली. लेक कुठल्या खोलीत गेली, कसल्या गोळ्या घेऊन आली, एका शब्दाने विचारलं नाही.

निघताना मात्र मला म्हणाली, "पुढची तारीख मला सांगा. जागरणानं हिच्या काही लक्षात राहत नाही."

मी बाळ दीड महिन्याचं होईल तेव्हाची, त्याच्या पहिल्या तपासणीची तारीख सांगितली. तिने ती दोनदा म्हणून घेतली.

न येणाऱ्या आयांच्या नावापुढे आम्हाला कारण लिहावं लागतं. मी आजवर 'संपर्क नाही' लिहून मोकळी व्हायचे... आता हात थांबतो.

त्या माउलीला किती कळलंय, मला माहीत नाही. विचारणारही नाही. तिने घरचा नियम मोडला, लेकीचं झाकलेलं झाकलेलंच ठेवलं, आणि माझीही सुटका केली. समोर आभार मानले असते तर सगळंच उघड झालं असतं... म्हणून इथे मानतेय.