चलथाणला नेलेलं दहा लिटर पाणी

आणि वर तिचं म्हणणं काय, तर मला काही कळत नाही. बरं, नाही कळत. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला किती कळणार? पण सायन्स घेतलं की धुळ्याला क्लास आला, बस आली, वह्या आल्या, आणि एवढं करून पोरगी नापास झाली तर गावात तोंड कोण दाखवणार, हे तरी मला कळतं ना? गावातल्या कॉलेजात आर्ट्स आहे, घरून चालत जाता येतं. हे मी दीपालीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, दिवाळीपासून सांगतोय. ती दहावीची परीक्षा देतेय आणि फोनवर दर वेळी तेच एक वाक्य फेकते: "तुले काही समजत नही, भाऊ." मग मी फोन ठेवून देतो.

त्या शनिवारी असाच ठेवला होता. डोकं तापलेलं होतं, म्हणून ठरवलं की रविवारी खोलीवर बसायचं नाही. तसाही मी बसणारा नाही. पलसाण्याच्या डाईंगमध्ये चार वर्षं साड्या रंगवतोय, आणि सुट्टी मिळाली की कुठेतरी निघतो. यंदा दीवचा समुद्र बघायचा म्हणून पैसेही बाजूला टाकलेत. पण हा प्रवास दीवचा नाही, पलसाणा ते कतारगाम ते चलथाण असा आहे. हसू नका, करून बघा.

झालं असं, की आठवडाभरापूर्वी हायवेवरच्या टपरीवर मी चहा पीत होतो. तिथे युनिव्हर्सिटीची दोन पोरं आली, किंजल आणि हर्ष. चलथाणजवळ ऊसतोडणीवाल्यांचा पडाव आहे, म्हणजे शेताकडेच्या झोपड्या. तिथल्या मुलांना हे विज्ञानाचे खेळ शिकवायला जातात. मुलं साक्री-नवापूरकडची, अहिराणी बोलणारी. यांची गुजराती त्यांना कळेना, त्यांची अहिराणी यांना कळेना. मी मध्ये तोंड घातलं, तर किंजलबेनने माझा नंबरच घेतला. म्हणाली, येत्या रविवारी दुभाषा म्हणून या, आणि जमलं तर स्वच्छ पाणी आणा, पडावावर पाणी कमी असतं. मी छाती काढून म्हणालो, पाण्याची काळजी करू नका. आमच्या कंपनीत पाणी गाळून, मऊ करून मगच मशीनला जातं, तेच आणतो.

चलथाण माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. शहाण्या माणसाने थेट तिथे उतरावं. पण त्यांची गाडी कतारगामहून निघणार होती आणि मला गाडीत बसायचं होतं. म्हणून दहा लिटरचा कॅन मांडीवर घेऊन मी सकाळी सातला निघालो. पलसाण्याहून कडोदऱ्यापर्यंत शटल रिक्षा, तिथून सुरत स्टेशनपर्यंत दुसरी, मग सिटी बस. साठ-सत्तर रुपयांत काम होतं, मात्र रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसू नका, एक पाय कायम रस्त्यावर राहतो. कडोदऱ्याला एक काका कॅनकडे बघून म्हणाले, गंगाजल आहे का. मी म्हणालो, त्याच्याहून स्वच्छ.

कतारगामला उतरलात तर आधी लोचो खा. वाफेवर शिजवलेलं डाळीचं पीठ, वरून तेल, शेव, कांदा. पन्नास रुपयांची प्लेट दोघांना पुरते, मी एकट्याने संपवली. हर्षच्या काकांचा तिथे हिऱ्यांचा कारखाना आहे, लहानसाच. रविवारी बंद होता, पण काकांनी आमच्यासाठी उघडला आणि हिरा तपासायच्या जुन्या काचा पिशवीत भरून दिल्या. एक मी डोळ्याला लावली आणि स्वतःचा अंगठा बघितला. नखाच्या कडेला चार वर्षांचे रंग थराथराने बसलेले. निळा, मरून, परत निळा. मी बराच वेळ बघत होतो, शेवटी किंजलने हाक मारली.

चलथाण आल्याचं नाकालाच कळतं, गुळाच्या काकवीसारखा गोड वास येतो. पडावावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पंचवीस-तीस मुलं. पहिला अर्धा तास नुसता धिंगाणा. काचेतून मुंगी बघितली, उसाचं टिपरू बघितलं, एकमेकांच्या डोक्यातल्या उवा बघितल्या आणि त्या मोजल्यासुद्धा. स्ट्रॉची रॉकेटं उडाली, एक सरळ जाऊन झोपलेल्या कुत्र्याला लागलं. मी ओरडून ओरडून अहिराणीत सांगत होतो आणि मलाच मजा येत होती.

मग हळदीचा खेळ. कागदाला हळद लावून वाळवलेल्या पिवळ्या पट्ट्या. साबणाच्या पाण्यात बुडवली की लाल होते, लिंबाच्या रसात बुडवली की पिवळीच राहते, साध्या पाण्यातही पिवळीच. साधं पाणी म्हणजे माझं पाणी.

पूजा नावाची दहाएक वर्षांची मुलगी होती, कडेवर धाकटा भाऊ. साध्या पाण्यात पहिली पट्टी तिने बुडवली, ती लाल झाली. किंजल म्हणाली, वाटी बदलली असेल, परत कर. परत लाल. मी तिला जरा मोठ्यानेच म्हणालो, "तुना हातले साबन व्हई, धोई ये." ती गुपचूप हातपंपावर गेली, हात धुऊन आली, परत बुडवली. लाल. बाकीची मुलं हसायला लागली. मी म्हणालो, जाऊ दे, तुला नाही जमत, दुसऱ्या कोणाला करू दे.

ती रडली नाही. भावाला माझ्या हातात कोंबलं, एक कोरी पट्टी उचलली आणि निघून गेली. मला वाटलं रुसली. पाच मिनिटांनी आली, दोन पट्ट्या समोर धरल्या. एक लाल, एक पिवळी. पिवळी तिने हातपंपाच्या पाण्यात बुडवली होती, त्याच हाताने.

"भाऊ, मना हातले काही नही व्हयनं. तुनं पानी खोटं शे."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या खात्यात रिकामा कॅन वास घेऊन ओळखतात. ॲसिडचा असेल तर नाकाला झोंबतो, नाही झोंबला तर चालेल. मी वास घेतला होता, तीनदा विसळलाही होता. पण कपडा धुवायच्या सोड्याला, म्हणजे साबणाच्याच भावाला, वासच नसतो. धुलाईखात्यातला सोड्याचा कॅन मांडीवर घेऊन मी अख्खं सुरत फिरून आलो होतो, आणि त्याच पाण्याचं शेवटी लिंबू सरबत करून मुलांना पाजायचं ठरलं होतं.

मी कान धरले. खरोखर धरले, सगळ्यांसमोर. हर्षने आधी कॅन बाजूला नेऊन ठेवला. किंजल हसून हसून खाली बसली. "गणेशभाई, तमारुं पाणी तो नापास थयुं." पूजाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. तिने तीच लाल पट्टी उचलली, तिच्यावर लिंबू पिळलं आणि ती परत पिवळी करून दाखवली. हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. मुलांनी असा गलका केला, की झोपड्यांतल्या बायका बाहेर आल्या.

त्यांत तिची आईही होती. भाकरी थापतच होती, हाताला पीठ. मी तिला म्हणालो, मावशी, तुमची पोर फार हुशार आहे. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "घरमा बी अशीच करस," ती म्हणाली, "मी मीठ टाकं म्हनं, तरी चाखी पाहस." मग तिने आम्हा तिघांना भाकरी, लसणाची चटणी आणि उसाचे करवे दिले. पैसे विचारले तर रागावली. तुम्ही कधी या पडावावर जाल तर मुलांसाठी काहीतरी घेऊन जा, वह्या, खडू, काहीही. आणि पाणी न्याल तर नव्या कॅनमधून. सरबत शेवटी हातपंपाच्या पाण्याचंच झालं, आधी पूजाने पट्टी बुडवून पास केलं, मगच.

दुपारी दोनला गाडी सुरतेला गेली आणि मी रिकामा कॅन घेऊन वीस रुपयांत खोलीवर. ऊन होतं, पंखा चालू होता. माझ्या कानात मात्र माझंच वाक्य वाजत होतं. तुला नाही जमत, दुसऱ्या कोणाला करू दे. पाणी माझं, कॅन माझा, आणि मी हात कोणाचे धुवायला लावले?

फोन मीच केला. दीपाली सावधपणे बोलत होती, भांडणाची वाट बघत. मी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग तिने एकदम विचारलं, तुमच्याकडे रंग टाकण्याआधी पाण्यात ॲसिड कशाला टाकतात? मी म्हणालो, मास्टर चिठ्ठीवर लिहितो म्हणून. ती म्हणाली, पाण्यात सोडा राहिला असेल तर तो मारायला. आंबट झालं पाणी की रंग नीट बसत असेल. पूजाने लिंबू पिळलं तेच तू चार वर्षं ड्रमभर करतोस.

मी सोमवारी मास्टरला विचारलं. मास्टरने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, तुला कोणी सांगितलं? मी म्हणालो, माझ्या बहिणीने. अजून दहावीचा निकाल लागायचाय.

दीवचा समुद्र कुठे जात नाही. धुळ्याच्या अकरावी सायन्सच्या क्लासला सुट्टीतच जागा धरावी लागते, त्याचे साडेसात हजार. बसचे सातशे. आणि आपल्या विहिरीचं पाणी हळदीच्या पट्टीने तपासून मला कळव, लाल झाली तर पिळायला म्हणून लिंबांचे वीस. आज सकाळी दीपालीला पाठवले, आठ हजार दोनशे वीस रुपये.