चोवीस शब्दांची पट्टी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक ऐरण. सळयांच्या कारखान्यांतले रोल दुरुस्तीला येतात, मोटारींच्या नावपट्ट्या येतात. लोखंडावर अक्षरं किंवा नंबर ठोकायचे असले की आजूबाजूचे लोक गिऱ्हाईक माझ्याकडेच पाठवतात. पंच, म्हणजे टोकाला उलटं अक्षर असलेली पोलादी खुंटी, सरळ धरायचा, घाव एकच घालायचा, सगळी अक्षरं सारखी खोल उतरली पाहिजेत. तीस वर्षांत हात बसलाय. म्हणूनच तीन वर्षांमागं दिवाळीत माझा चुलत भाऊ माझ्याकडे आला.

तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. आमचं गाव परतूर तालुक्यात, आष्टीच्या अलीकडे. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो. पण गेली वीसएक वर्षं आमच्यात बोलणं असं नव्हतंच. लग्नकार्यात भेटलो तर तो ‘कसं चाललंय’ म्हणायचा, मी ‘चाललंय’ म्हणायचो. असं का झालं हे त्याच्या लक्षात होतं की नाही, कोण जाणे. मला ते रोज आठवायचं.

मला एक धाकटी बहीण आहे. सहा वर्षांची असताना तापात तिला झटका आला. आयुष्यात एकदाच. ताप डोक्यात गेला होता, पुन्हा काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि झालंही नाही. घरातली माणसं सोडली तर हे फक्त या चुलत भावाला माहीत होतं, कारण त्या दिवशी जीप आणायला तोच पळत गेला होता.

ती चोवीस वर्षांची झाली तेव्हा घनसावंगीचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. सुपारी फुटली, साड्या घेऊन झाल्या. लग्नाला पंधरा दिवस उरले असताना मध्यस्थ आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला की मुलीला मिरगी आहे असं त्यांच्या कानावर आलंय. वडील डॉक्टरांचा कागद घेऊन घनसावंगीला गेले. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. तीन महिन्यांनी त्याच मुलाचं लग्न झालं, माझ्या चुलत भावाच्या मेहुणीशी.

पुढं कधीतरी तोच मध्यस्थ मला परतूरच्या बसस्टँडवर भेटला. मी काही विचारलं नव्हतं. तो आपणहून म्हणाला, “बाहेरच्यानं न्हाई सांगितलं, भाऊ. तुमच्याच घरातल्यानं सांगितलं.”

बहिणीनं त्यानंतर दाखवून घेणंच बंद केलं. डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. आज अंबड तालुक्यात शिकवते. ती त्या गोष्टीबद्दल कधी बोलली नाही. मीही नाही. पण वडिलांना अग्नी देताना माझ्या डोक्यात वडील नव्हते, चुलत भाऊ होता. असं माणसानं सांगू नये, पण खरं ते खरं.

तर तो दिवाळीत आला. पिशवीतून त्यानं स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या काढल्या आणि तिसरी एक वाकडीतिकडी ठोकलेली दाखवली. घरी स्वतः ठोकून बघितलं होतं म्हणे. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. त्याच्याजवळ बिटकॉइन होते, खूप वर्षांपासून घेत आलेले. ते कुठल्या कंपनीच्या खात्यात ठेवायचे नाहीत, असं त्यानं मला समजावलं. कंपनी बुडाली की आपलेही बुडतात. पेनड्राइव्हएवढं एक यंत्र मिळतं, त्याला इंटरनेट लागत नाही, त्यात बिटकॉइनची चावी राहते. पण यंत्रही बिघडतं, हरवतं. म्हणून ते यंत्र सुरुवातीलाच इंग्रजीतले चोवीस शब्द देतं. यंत्राचं काही होवो, ते शब्द त्याच क्रमानं ज्याच्याकडे असतील त्याला सगळं परत मिळतं. कागद भिजतो, जळतो, वाळवी खाते. पोलादावर ठोकले की आग लागली तरी राहतात.

“वीस वर्षं हात लावायचा न्हाई,” तो म्हणाला. “पोरीसाठी ठेवून राह्यलोय.”

मी विचारलं की पुण्यात कुणी ठोकून दिले नसते का.

“परक्याला कसं दाखवू? हे शब्द म्हणजेच सगळं. तू घरचा माणूस. आणि तुला काय कळणार यातलं? तू आपला ठोक.”

त्याचं काम मोठं काळजीचं होतं. दोघांचे फोन बंद करून गल्ल्यात ठेवायला लावले. शटर अर्धं खाली घेतलं. फोटो काढायचा नाही, कॉम्प्युटरवर टाइप करायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, हे नियम त्यानं मला दोनदा ऐकवले. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरेत, तेवढ्यावरून शब्द ओळखता येतो, म्हणाला. मी एकेक शब्द ठोकायचो, तो कागदाशी ताडून बघायचा. एक पट्टी पुण्याच्या लॉकरमध्ये जाणार होती, दुसरी गावाकडच्या घरात. काम झाल्यावर कागद त्यानं माझ्याच वेल्डिंगच्या ज्योतीवर जाळला आणि सरावाचा तुकडा ग्राइंडरवर घासायला लावला. सगळीकडून बंदोबस्त केला, फक्त माझं डोकं तेवढं राहिलं.

मी दहावीपर्यंत शिकलो, तेही मराठीत. पण पंचांच्या डबीत सव्वीस अक्षरं असतात, दरवेळी हवं ते शोधून, उचलून, पुन्हा जागेवर ठेवावं लागतं. एका शब्दाला चार वेळा. पट्ट्या दोन, म्हणजे तेच सगळं दोनदा. काम संपेपर्यंत ते माझ्या बोटांत बसलं होतं. पहिला शब्द मला लाडू वाटला होता, LADD. शिडी, लॅडर, हे मागाहून कळलं. सायकलवरून घरी जाताना मी चोवीसच्या चोवीस म्हणत गेलो आणि पुढचे कित्येक दिवस रोज सकाळी आंघोळ करताना म्हणत राहिलो. कुठं लिहिले नाहीत, फोटो काढला नाही, कुणाला सांगितले नाहीत. त्याचे सगळे नियम मीच पाळले.

मी ते बिटकॉइन घेतले असते का? मनात आलं होतं, नाही कशाला म्हणू. मोबाइलवर एकदोन व्हिडिओ बघितले. शब्द असले की कुणीही कुठूनही उघडू शकतो, आणि एकदा गेलेलं परत आणायला कोणतंही ऑफिस नाही. पण चोरी केली असती तर तो नुसता गरीब झाला असता, आणि लोकांनी त्याची कीव केली असती. मला त्याची कीव केलेली चालणार नव्हती. वडील जसे पाय ओढत घनसावंगीहून परत आले होते, तसं त्याला चालताना बघायचं होतं. मी वाट बघत राहिलो.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं जमलं. साखरपुडा घनसावंगीच्या एका मंगल कार्यालयात होता, कारण मुलाकडचे तिथलेच. बहिणीलाही त्यानं फोन करून बोलावलं होतं. मला वाटलं नव्हतं ती येईल, पण ती सकाळच्या बसनं आली, पुतणीला घेतलेली साडी पिशवीत होती. तो केमिस्ट आता चुलत भावाचा साडू. तोही हजर होता, टक्कल पडलेला, पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. बहिणीलाही त्यानं ग्लास दिला. तिनं घेतला आणि प्याली.

विधीला अजून अर्धा तास होता. चुलत भाऊ मुलाकडच्या वडीलधाऱ्यांना एकेकाची ओळख करून देत होता. बहिणीजवळ आला तेव्हा हसत म्हणाला, “ही आमची बहीण. शिक्षिका आहे. लग्नाची हिला आवडच नव्हती.”

बहीण नमस्कार करून खाली बघत राहिली. मी तिच्या शेजारीच उभा होतो. अमुक करायचं असं ठरवून मी तिथं गेलो नव्हतो. पण ते वाक्य ऐकलं आणि बाकीचं सगळं आपोआप झालं. मी त्याला खांद्याला धरून खांबामागं नेलं, जणू स्वयंपाकाचं काही विचारायचंय, आणि त्याच्या कानात म्हणालो, “लॅडर. लेमन. टायगर. विंटर. पुढचे वीस म्हणू का, दादा?”

माणसाच्या तोंडावरचं रक्त उतरतं म्हणतात, ते मी त्या दिवशी हातभर अंतरावरून बघितलं. त्याच्या हातातली अक्षतांची वाटी तिरपी झाली.

“कुणाला दिलेस?”

“अजून न्हाई.”

त्यानं वाटी माझ्या हातात कोंबली, बायकोला येतोच म्हणाला आणि गाडी काढली. गावाकडच्या घरात दुसरी पट्टी होती. तिच्यावरून उघडायचं आणि मी हात घालायच्या आत सगळं नव्या जागी हलवायचं, एवढंच त्याच्या हातात होतं. जाऊन यायला कमीत कमी अडीच तीन तास. ते मला बराबर माहीत होतं.

मुहूर्ताची वेळ झाली. मुलाकडचे पाटांजवळ येऊन बसले. मुलीचे वडील कुठायत, एकानं विचारलं. वहिनी म्हणाली, येतीलच. त्याचा फोन लागत नव्हता. पंधरा मिनिटं गेली, मग अर्धा तास. मुलाच्या आजोबांनी घड्याळ बघायला सुरुवात केली. मागच्या खुर्च्यांवर बायका कुजबुजू लागल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, “पोरीत काही आहे का? बाप ऐन वेळेला निघून जातो म्हंजे काय?”

मी ते ऐकलं, आणि बहिणीनंही. पुतणी समोरच बसली होती, हिरवा चुडा भरलेले हात मांडीवर ठेवून. तिनंही ऐकलं असणार, कारण तिनं मान वर केलीच नाही. तेवीस वर्षांची पोर. मला ‘काका’ म्हणते, दिवाळीला न चुकता फोन करते. तोपर्यंत मला ती दिसलीच नव्हती. खरं सांगतो, दोन वर्षं मी त्या एका माणसाचं तोंड बघत होतो, त्याच्या मागं कोण उभं आहे ते कधी बघितलंच नाही.

बहीण उठली. मुलाच्या आजोबांसमोर गेली आणि वर्गात बोलते तशा स्पष्ट आवाजात म्हणाली की गावाकडे एक अडचण आल्यानं भावाला तातडीनं जावं लागलं, मुहूर्त टळू नये, मुलीचा काका बसेल. मग माझ्याकडे वळली.

“ऊठ. तिच्या बाजूला बस.”

मी बसलो. ज्याला पळवून लावलं होतं त्याच्या पाटावर. मुलाला गंध लावलं, खांद्यावर उपरणं घातलं, हातात नारळ दिला. पुतणीकडे बघणं मी टाळत होतो. आजोबा म्हणाले, काकांना भरून आलंय. मी मान हलवली.

तो जेवणं संपत आली तेव्हा परतला. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. मला त्यानं मागं नेलं, जिथं आचारी कढया घासत होते.

“हलवलं सगळं,” तो म्हणाला. “का केलंस?”

मी त्याला बहिणीचं नाव घेऊन सांगितलं. घनसावंगीचं, वडिलांच्या कागदाचं, मध्यस्थाचं. त्यानं ऐकून घेतलं. मला वाटलं तो नाही म्हणेल. मी खोटं ऐकायच्या तयारीत होतो.

“पण ते खरंच होतं ना?” तो म्हणाला. “झटका आल्ता ना तिला?”

मी त्याला मारलं नाही. का नाही मारलं, ते अजून कळलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये बहीण खिडकीशी बसली. अंबड जवळ आलं. मग तिनं विचारलं की खांबामागं मी काय बोललो. मी सगळं सांगितलं, चोवीस शब्दांसकट. मला वाटलं होतं, कुठंतरी आत तिला बरं वाटेल.

“त्याचं काही वाईट केलं असतंस तर मी तोंड उघडलं नसतं,” ती म्हणाली. “पण तू माझा तो दिवस उचलून त्या पोरीला दिलास.”

अंबडला ती उतरून गेली. चार महिने माझा फोन उचलला नाही.

त्या काळात एकदा पुतणीचा फोन आला. पप्पांनी नवं यंत्र घेतलंय, म्हणाली, आणि गॅलरीत बसून स्वतःच पट्टीवर अक्षरं ठोकून राह्यलेत, आईलाही जवळ येऊ देत नाहीत. काका, तुम्ही त्या दिवशी त्यांना काय म्हणालात? मी तिला खोटं सांगू शकलो नाही. आत्याचं सगळं सांगितलं, माझंही सांगितलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, “आत्या तरी उठल्या माझ्यासाठी.” फोन ठेवला.

लग्नाची पत्रिका बहिणीला आली. मला आली नाही. ती दोन दिवसांची रजा काढून गेली. मी त्या दिवशी वर्कशॉप उघडं ठेवलं आणि एका कारखान्याचा रोल लेथवर लावला.

नंतरच्या रविवारी तिनं आपणहून फोन केला. लग्न चांगलं झालं, म्हणाली. चुलत भावानं स्वतः तिच्या पंगतीत वाढलं. माझ्याबद्दल एकदा विचारलं, तो आला न्हाई का? ती म्हणाली, बोलावलंयस कुठं. आणि सगळं लग्न होईपर्यंत तो सारखा दाराकडं बघत होता, कुणी आत आलं की दचकायचा.

मला ते ऐकून बरं वाटलं. तिला मी तसं सांगितलं नाही.